कोंडवाड्यातली सुखाची नोकरी

हिवरखेडहून मी निघालो तेव्हा माझ्याबरोबर एवढे सामान होते: एक घोंगडी, दोन धोतरे, लोटा, बोरू, दौत, कोऱ्या कागदांचा जुडगा आणि ज्वारीच्या भाकरींचे गाठोडे. ही यादी मी आदल्या दिवशीच केली होती. यादी केल्याशिवाय मला गावाबाहेर पडता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होते, आणि त्यावरून माझी थट्टाही होई. दिवाळी होऊन गेली होती. शेजाऱ्यांच्या बैलगाड्या कापूस घेऊन अमरावतीला चालल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या गाडीवर मला जागा मिळाली होती.

मायने हातावर दही घातले आणि म्हणाली, "हंगाम झाला का येजो बापू. अन् पोटाले पाह्यजो. लिवत बसला का तुले भूक समजत नाई." दादा, माझा थोरला भाऊ, बैलांजवळ उभा होता. वडील गेल्यापासून शेत तोच पाहत होता. माझा हात नांगरापेक्षा लेखणीवर बरा चालतो हे त्याला लहानपणीच कळले होते, म्हणून अमरावतीला जा असे त्यानेच सुचवले होते.

माझी बायको दाराच्या आत होती. भाकरींचे गाठोडे तिने मायजवळ दिले आणि मायने माझ्याजवळ दिले. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचे नसते, म्हणून आम्ही बोललो नाही. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न होता. लग्नाला बारा वर्षे झाली होती, मूल नव्हते. तिचे नाव मी आजवर कोणत्याही कागदावर घातलेले नाही, कारण नवऱ्याने ते घालायचे नसते. इथे घालतो, नाहीतर पुढचे काही लिहिता येणार नाही. तिचे नाव तुळसा.

हे मी हिवरखेडला राहिलेल्यांसाठी लिहीत आहे आणि कापसामागे आमच्या भागातून जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. मी मोठी जागा सोडून लहान नोकरी धरली तेव्हा दोन्हीकडचे लोक मला वेडा म्हणाले. पुढे कापसाचा भाव पडला तेव्हा तेच लोक शहाणा म्हणाले. दोन्ही वेळी त्यांना खरे कारण माहीत नव्हते, आणि ज्या माणसासाठी मी ते केले त्या माणसालाही ते फार उशिरा कळले.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, पण तिच्यामुळे आमच्या काळ्या रानात काय चालले आहे ते दिसत होते. ज्याने कधी शेत पाहिले नाही असा माणूसही अमरावतीत कापसाचे बोलत होता. एका शेठजींच्या अडतीवर मी लिहिणारा म्हणून लागलो. गाड्या येत, वजन होई, मी टिपून घेई. पहिल्या हंगामात माझ्याकडून एकही गाडी चुकली नाही, म्हणून हंगाम संपला तरी शेठजींनी मला सोडले नाही. खेड्यापाड्यांत फिरून पुढच्या पिकाचा अंदाज आणायला पाठवले. दुसऱ्या वर्षी काट्यावर उभे केले. तिसऱ्या वर्षी रुमालाखाली बसवले.

रुमालाखाली म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवे. बाजारात कापसाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातांवर उपरणे टाकतात आणि आत एकमेकांची बोटे दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. वरून हवापाण्याच्या गोष्टी करत राहायचे आणि तोंडावर काही दिसू द्यायचे नाही. मला हे लवकर जमले, कारण माझ्या तोंडावर एरवीही फारसे काही दिसत नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी परक्या माणसांचे हात धरून बसे. त्या सगळ्या काळात तुळसाचा हात एकदाही हाती आला नव्हता, आणि त्याचे मला विशेष काही वाटतही नव्हते. आज ना उद्या ती येणारच आहे असे मी धरून चाललो होतो.

कारण बिऱ्हाड करायचे मी दुसऱ्याच वर्षी ठरवले होते आणि तसे घरी लिहिलेही होते. पत्र मी दादाच्या नावाने लिहीत असे. दादाला वाचता येत नव्हते. गावचे पंतोजी आमच्या ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचत, शेजारीपाजारी ऐकायला जमत, बायका आत आपल्या कामात असत. अशा पत्रात बायकोला वेगळे काय लिहिणार? मी एवढेच लिहिले की इथे दोन खोल्या मिळतात, पुढच्या हंगामानंतर घरून तिला आणून बिऱ्हाड करण्याचा विचार आहे. हे मी चार पत्रांत चार वेळा लिहिले. कोणत्या पत्रात काय घातले याची टिपणे मी ठेवतो, म्हणून पक्के सांगू शकतो. लिहिले म्हणजे पोचले, असे मला वाटत होते.

मात्र दर हंगामानंतर शेठजी मला एक पायरी वर चढवत आणि बिऱ्हाड एक हंगाम पुढे जाई. तिकडे घरी दुसऱ्या वर्षी वहिनी बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. मला हे पत्राने कळले आणि माझ्या घरच्या माणसांच्या यादीत मी तशी दुरुस्ती केली. त्या तान्ह्या मुलीला आता कोण सांभाळते, हे विचारायचे मला सुचले नाही. तिसऱ्या वर्षी माय गेली. दिवसकार्यासाठी तेरा दिवस घरी होतो. पुरुष ओसरीवर, बायका आत, घर पाहुण्यांनी भरलेले. तुळसाच्या कडेवर मुलगी दिसली. घरात लहान मूल कोणाच्या तरी कडेवर असतेच, त्यामुळे त्यातही मला काही वेगळे दिसले नाही. चौदाव्या दिवशी शेठजींचे बोलावणे आले आणि मी निघालो.

चौथ्या हंगामात माझा हात थरथरू लागला. मुंबईच्या भावाची तार दिवसातून दोनदा येई, आणि सकाळी घेतलेला माल दुपारी चुकलेला ठरे. मी उभ्याने जेवू लागलो. याद्या वाढत गेल्या. कोणती यादी कुठे ठेवली याची यादी करायची वेळ आली. एके दिवशी उपरण्याखाली माझा हात धरून एक म्हातारा दलाल थांबला आणि हसला. "काय भाऊ, हात कापून राहिला तुमचा. थंडी वाजून राहिली का माल लय पायजे?" भोवतीचे सगळे हसले, मीही हसलो. पण ज्याचा हात कापतो त्याचे मन समोरच्याला कळते, आणि ज्याचे मन कळते तो त्या कामाचा राहत नाही. हे त्या म्हाताऱ्याला कळले तसे मलाही कळले.

नेमके त्याच आठवड्यात शेठजींनी मला अकोल्याच्या नव्या अडतीची गादी देऊ केली. रेल्वे तिकडे येणार होती आणि शेठजींना तिथे आधीच पाय रोवायचे होते. "हाताखाली दहा मानसं देतो," ते म्हणाले. "दोन वर्सांत सोताची अडत टाकसान तुमी." मी दोन दिवस मागून घेतले आणि कागदाच्या डाव्या-उजव्या बाजूला लाभ आणि तोटे मांडले. डावी बाजू खालपर्यंत भरली. उजव्या बाजूला मी लिहिले, 'बिऱ्हाड पुन्हा पुढे'. आणखी काही सुचेना, आणि त्या तीन शब्दांपुढे डावी बाजू वाचवेना.

अकोल्याच्या कचेरीत माझ्या ओळखीचा एक कारकून होता. त्याच्याकडून कळले होते की तिथल्या कोंडवाड्यावर लिहिणारा हवा आहे. लोकांच्या पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात आणून बांधतात, धनी येऊन दंड भरतो, गुरे सोडवून नेतो. लिहिणाऱ्याचे काम नोंद ठेवायचे. पगार थोडा, पण सूर्य मावळला की फाटक बंद. वर चढायला जागाच नाही, तेव्हा कोणी चढवणारही नाही. हिवरखेड तिथून दोन-अडीच दिवसांच्या वाटेवर. मी शेठजींना तसे सांगितले.

"कापूस सोडून ढोरं मोजाले चालले? गावचे लोकं हासतीन तुमाले."

"हासू द्या शेठजी," मी म्हणालो. "ढोरांची तार तं येत नाई मुंबईहून."

ते काम खरोखर सुखाचे निघाले. मातीच्या भिंती, मध्ये एक निंब, कडेला पाण्याचा हौद. जनावर आले की मी लिहायचो: लाल गाय, डावे शिंग मोडके, कानाला चीर, अमक्याच्या तुरीत सापडली. जनावर समोर उभे असते, पाहिजे तेवढा वेळ पाहता येते, आणि सकाळी जसे असते तसेच संध्याकाळी असते. दंड भरायला आलेले शेतकरी भांडायचे. एकजण मला म्हणाला, "माह्या बैलाले भूक लागली तं त्यानं काय तुमाले इचारून खाव काय?" मी म्हणालो, "इचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं काय?" तो हसला आणि दंड भरून गेला. महिनाभरात माझ्या हाताची थरथर थांबली. मी बसून जेवू लागलो. ज्यांना मी वेडा वाटलो त्यांना एवढे सांगतो की त्या कामात मला काडीचा त्रास नव्हता, आणि आजही नाही.

मोर्णा नदीच्या काठाला दोन खोल्या घेतल्या. चूल, जाते, पाटा-वरवंटा, रांजण, दोन घागरी, पाण्याला जायची जवळची वाट कोणती, शेजारी कोण, सगळे यादीप्रमाणे पुरे केले. मग न्यायला गेलो. ओसरीवर दादाला म्हणालो, मी तिला घेऊन जायला आलो आहे. दादा सुपारी कातरत होता. कातरता कातरताच म्हणाला, "पोट्टी तिच्याबिगर जेवत नाई. न्याचं असन तं दोघीईले ने. पाहू कसं जमते." मुलीचे नाव गंगी. तेव्हा ती दोन वर्षांची असेल. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे अकोल्याला पोचलो.

पहिले तीन-चार दिवस तुळसा पाहुणीसारखी वागली. मी काही मागितले की द्यायची, नाहीतर गंगीला घेऊन मागच्या दारी बसायची. सासरच्या घरात दिवसा माझ्याशी बोलायची तिला कधी सवयच नव्हती. मग एका संध्याकाळी मी नोंदवही घरी आणली होती, ती म्हणाली, वाचून दाखवा. मी काही जनावरे वाचली. भुऱ्या रेड्याच्या नोंदीत मी 'स्वभाव तापट' असे लिहिले होते, त्यावर ती हसली. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर मोठ्याने हसल्याचे मला आठवत नाही. हसून झाल्यावर तिने विचारले, "ढोराचं शिंगई लिवून ठेवता तुमी. मंग मले एक ओळ काहून नाई लिवली?"

"लिवली ना. चार डाव लिवली."

"कवा?"

मी पत्रांची टिपणे काढली आणि चारही वाचून दाखवली, कोणत्या महिन्यात, काय लिहिले. ती गंगीचे केस विंचरत होती. विंचरणे थांबले नाही.

"मले कोनी नाई सांगतलं," ती म्हणाली.

"मले वाटलं उशीर झाला म्हून तू रागावली असशीन."

"तुमाले उशीर नाई झाला. तुमी सांगतलंच नाई. सांगतलं ते तुमच्या दादाईले." मग केसांतला गुंता सोडवत म्हणाली, "मले वाटलं, तिकडे कोनी भेटली असन तुमाले. वर्सभर रडली. मंग ही पोट्टी आली हातात, मंग येळच नाई भेटला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. झालेले काम सांगावे तसे तिने सांगितले. मला तिथे काहीतरी बोलायला हवे होते. मी म्हणालो की आता सगळे ठीक होईल, आणि कोणते कोणते ठीक होईल तेही सांगत बसलो. ती ऐकत होती असे वाटत नाही.

गंगीला अकोला मानवले नाही. ती 'बाबाकडे जायचं' म्हणून रडे, रात्री तुळसाच्या गळ्यात हात घालून झोपे, आणि नवव्या दिवशी तिला ताप आला. अकराव्या दिवशी दादा गाडी घेऊन आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. मुलीला मांडीवर घेऊन तो भिंतीशी बसला आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "पत्रं मी ऐकली होती. सांगतलं असतं तं ती आली असती तुह्याकडे. मंग या पोट्टीले कोनं पाह्यलं असतं?" मी दादाला तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. त्याची बायको गेली होती, मुलगी पंधरा दिवसांची होती, आणि माझ्या पत्रात फक्त खोल्यांची माहिती होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही ओसरीवरून उठून आत सांगायला गेलो नसतो.

तो मुलीला न्यायला आला होता. तुळसाला त्याने चल म्हटले नाही, राहा असेही म्हटले नाही. तिनेच आपले लुगडे गाठोड्यात बांधले. दादा बैल जुंपायला बाहेर गेला तेव्हा मी तिला म्हणालो, पोरगी दादाजवळ राहील, तू थांब, हळूहळू तिलाही सवय होईल आणि तुलाही. मी ही लहान नोकरी कशासाठी धरली तेही तिला सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एखादी गोष्ट सरळ सांगत होतो.

ती म्हणाली, "पोट्टीबिगर मले आता झोप येत नाई. तुमच्याबिगर येते. सवय झाली."

मी तिचे गाठोडे गाडीत ठेवले. गाडी गेली. मी कोंडवाड्यावर गेलो, कारण दुपारचे फाटक उघडायचे होते.

पुढे काही महिन्यांतच अमेरिकेतली लढाई मिटली आणि कापसाचा भाव कोसळला. अकोल्याची गादी माझ्याऐवजी ज्याने घेतली होती तो एका सकाळी बिऱ्हाड गुंडाळून कुठे गेला ते कोणाला कळले नाही. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणाले, तुम्ही बरे ओळखलेत. मी काहीच ओळखले नव्हते.

मग तू गावी परत का गेला नाहीस, असे मला विचारतात. गेलो होतो. दादाने तेजीच्या वर्षांत सगळ्या रानात कापूसच पेरला होता, घरात ज्वारी उरली नव्हती, आणि भाव गेल्यावर दोन वर्षे घर माझ्या कोंडवाड्याच्या पगारावर चालले. अजूनही पुष्कळसे त्यावरच चालते. मी नोकरी सोडून गावी बसलो तर खाणारे तोंड एक वाढेल आणि येणारे धान्य थांबेल. हा हिशेब दादाने मला सांगितला नाही, मला तो पाहता क्षणी कळला. तुळसाने अकोल्याला यावे तर गंगीचे कसे, मी हिवरखेडला जावे तर सगळ्यांचेच कसे. या दोहोंतून तिसरी वाट निघते का हे मी अनेकदा कागदावर मांडून पाहिले आहे. निघत नाही. ज्या नोकरीत काही ओझे नको म्हणून आलो, ती आता मला सोडता येत नाही.

आमच्याकडून जे अजून बाहेर पडत आहेत, कोणी रेल्वेच्या कामावर, कोणी कापूस दाबायच्या नव्या प्रेसमध्ये गठाणी बांधायला, त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जे ज्याला सांगायचे ते त्यालाच सांगून निघा, ओसरीवर कितीही माणसे बसलेली असोत. लाज एक दिवस वाटेल. मला ती एका दिवसाची लाज परवडली असती.

वर्षातून दोनदा, होळीला आणि पोळ्याला, मी हिवरखेडला जातो. ज्वारीचे भाव, कोणाचे लग्न, कोणाचा बैल मेला, सगळे मला माहीत असते, आणि ज्याला जे लागते ते मी बरोबर नेतो. दादा मला ओसरीवर जागा करून देतो. तुळसा पाणी आणून उंबऱ्यात ठेवते आणि डोक्यावरचा पदर ओढून आत जाते. तिथे ती पुन्हा त्या घरची सून असते, अकोल्यातल्या अकरा दिवसांतली बाई नसते. मला तिथले खांब, कोनाडे, भिंतीतली भेग, सगळे डोळे मिटून सांगता येते. त्यात माझे काही मोडलेले नाही, हरवलेले नाही. फक्त त्या घराचे माझ्यावाचून चालायला लागले आणि चांगले चालते.

गेल्या पोळ्याला मी तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो होतो. गंगी आता सहाची झाली आहे. ती आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी हसलो, ती हसली नाही. मग आत वळून तुळसाला म्हणाली, "माय वं, हे पाव्हणे कवा जातीन?"

तुळसा चुलीपुढे होती. मला वाटले ती मुलीला दटावेल, हे पाव्हणे नाहीत असे काहीतरी म्हणेल. मी हातातला घास तसाच धरून थांबलो. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"उद्या सकाळी," ती म्हणाली.

घर म्हणजे आता मला एवढेच कळते: जिथे माझ्या जाण्याची वेळ सगळ्यांना पाठ असते ती जागा. ती बोलली त्यात चूक काहीच नव्हती. मी सकाळीच निघणार होतो, आणि निघालो.